ज्याचं पडलं, तो पुढं

लिंबाजीमामांना मोबाइल मनातल्या मनात वाचता यायचा नाही. फोन हातभर लांब धरायचा, मान जराशी मागं घ्यायची आणि आलेला प्रत्येक निरोप खणखणीत आवाजात वाचायचा, ही त्यांची रीत. माझ्या झेरॉक्सच्या दुकानासमोर एक बाकडं आहे. सकाळी दहाच्या सुमाराला मामा तिथं येऊन बसायचे आणि आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर जे काय साचलं असेल ते सगळं वाचून काढायचे. इकडं मी टायपिंग करतेय, कुणाचा तरी भाडेकरार असायचा, आणि तिकडून मामांचं चालू, "शुभ सकाळ, आपला दिवस आनंदात जावो." एकदा मी करारात घरभाड्याच्या अटीखाली "आपला दिवस आनंदात जावो" टाइप करून मोकळी झाले. गिऱ्हाइकानं सही करताना पाहिलं म्हणून बरं, नाहीतर माझी शोभाच झाली असती.

त्या दिवशी मी वैतागून म्हणाले, मामा, जरा मनात वाचत जा की. त्यांना राग-बिग आला नाही. त्यांनी समजावून सांगितलं, की मनात वाचलं तर सगळ्यांचा आवाज माझ्याच आवाजासारखा येतो. "मोठ्यानं वाचलं की कळतं, माणूस रागात हाये का हसतंय." मी खुर्ची थोडी आत ओढून घेतली.

मोठ्यानं वाचूनही कळलं नाही, तर मामा उठून त्या माणसाच्या घरी जायचे. आमच्याकडं एक देशमुखकाका आहेत, बँकेतून निवृत्त झालेले, बोलणं सगळं तिरकं. कॉलनीचा रस्ता खणून अर्धवट टाकला होता, तेव्हा त्यांनी ग्रुपवर लिहिलं, "वा, रस्त्याचं काम फारच सुंदर झालं आहे." मामांनी ते वाक्य तीन तऱ्हेनं म्हणून पाहिलं. एकदा कौतुकानं, एकदा साधं आणि एकदा ओठ वाकडा करून. निकाल लागेना. मग चपला घातल्या आणि भर दुपारी देशमुखांच्या दारात जाऊन उभे राहिले. काका जेवून आडवे झाले होते, ते काय खूश झाले असतील ते तुम्हीच समजा. मामा परत आले, बाकड्यावर बसले आणि एकेक अक्षर शोधत ग्रुपवर लिहिलं, "देशमुख साहेबांना घरी जाऊन विचारले. ते रागात आहेत." त्या दिवशी कॉलनी दिवसभर हसत होती. देशमुखसुद्धा हसले असं त्यांची बायको मला म्हणाली.

मामा मूळचे पाचोडकडचे. घर मेंढरांचं. वडील, चुलते वर्षातले आठ महिने कळप घेऊन फिरायचे आणि मामाही पोरवयात त्यांच्याबरोबर हिंडलेले. पुढं वाळूजच्या कंपनीत लागले, तीस वर्षं प्रेस मशीनवर काढली, डाव्या हाताची करंगळी तिथंच ठेवून निवृत्त झाले आणि बजाजनगरच्या कडेला आमच्या कॉलनीत दोन खोल्यांचं घर बांधून राहिले. मुलगी शेंद्र्याला दिलेली. घरात ते आणि मामी. सभेला गेले तरी खुर्चीवर बसायचे नाहीत, भिंतीला टेकून उकिडवे बसायचे. कुणी काही सांगितलं आणि ते पटलं नाही, तर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "ऐकलं. पटलं नाय, पण ऐकलं." यातलं "ऐकलं" ते फार वजनानं म्हणायचे. त्यांच्या लेखी माणसाचं माणसाकडं पहिलं देणं तेच होतं.

आमच्या कॉलनीची सभा आधी मंदिराच्या हॉलमध्ये व्हायची. पुढं खुर्च्यांवर चार-पाच जण, तेच बोलायचे. बाकीचे माना हलवायचे. बायका दाराशी उभ्या, कुकर लावून आलेल्या, निम्म्यातच परत जायच्या. मामा बारा वर्षं त्या सभेला गेले आणि बारा वर्षांत त्यांना कुणी एकदाही विचारलं नाही, की तुमचं काय म्हणणं आहे. म्हणून मोबाइलवर ग्रुप निघाला तेव्हा या माणसाला जो आनंद झाला, तो मी दुसऱ्या कुणाला झालेला पाहिला नाही. ग्रुप माझ्या भाच्यानं काढून दिला होता. तो नोकरीला पुण्याला गेला आणि ग्रुपातून बाहेर पडला, तेव्हा अ‍ॅडमिन म्हणून मामा एकटे उरले. मला म्हणाले, "ताई, आमच्या मेंढरांच्या तळावर पंधरा माणसं बोलायची. हितं चारशे हायेत. आन् कुणाला उठून उभं राहायची गरज नाय." मी म्हणाले, मामा, चारशे माणसं बोलायला लागली तर ऐकणार कोण? "मी हाये ना," म्हणाले.

आणि खरंच होते. ग्रुपवर पहिलं भांडण लागलं ते शहराच्या नावावरून. कुणी औरंगाबाद लिहिलं, कुणी ते दुरुस्त करून संभाजीनगर केलं, आणि मग जे सुरू झालं ते विचारू नका. शेजारी शेजाऱ्याच्या बापापर्यंत पोचला. मामांनी सगळं मोठ्यानं वाचलं आणि खाली एकच ओळ टाकली, की पाणी दोन्ही नावांना येत नाही, तेव्हा ज्याला जे लिहायचं ते लिहावं, दुसऱ्यानं ते खोडू नये. त्यानंतर आमच्या ग्रुपवर दोन्ही नावं चालायची. शहरात दुसरीकडं असं कुठं चालत असेल असं मला वाटत नाही.

एक नियम त्यांनी आल्या आल्याच घातला होता. कुणाला विरोध करायचा असेल, तर आधी त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत लिहायचं. तो "व्हय, असंच म्हणलो" म्हणाला, की मग आपलं लिहायचं. लोकांनी आधी चेष्टा केली. मीही केली. पण त्या नियमात एक गंमत होती. समोरच्याचं नीट लिहिता लिहिता निम्म्या लोकांचा राग उतरायचा आणि उरलेल्यांना टायपिंगचा कंटाळा यायचा.

त्या नियमाची खरी परीक्षा झाली ती शेवटच्या गल्लीच्या पाण्यावरून. आमच्याकडं नळ चार दिवसांनी यायचा, सकाळी अडीच तास. पाणी आलं की वरच्या तिन्ही गल्ल्यांत मोटारी सुरू व्हायच्या, म्हणजे नळाला मोटार लावून पाणी ओढून घ्यायचं. सगळ्या कॉलनीत हेच चालतं, मीही लावते, खोटं कशाला बोलू. त्यामुळं उताराला असलेल्या शेवटच्या गल्लीत पाणी पोचायचंच नाही. तिथं बहुतेक भाडेकरू, कंपन्यांत कंत्राटावर असणारे. ते मंदिरातल्या सभेला यायचे नाहीत आणि त्यांना कुणी बोलवायचंही नाही.

त्या गल्लीत सुनीता नावाची बाई राहायची. शेंद्र्याच्या एका कंपनीत पॅकिंगला होती, रोज कंपनीच्या बसनं तास-सव्वातास जायची. एका सकाळी तिचा निरोप आला. मामांनी वाचायला सुरुवात केली आणि मधेच त्यांचा आवाज खाली आला, म्हणून मी मान वर केली. तिनं लिहिलं होतं, "मी सुनीता शेवटची गल्ली. आमच्या नळाचा सूं आवाज येतो तेव्हा तुमच्या टाक्या भरून गच्चीवरून सांडतात ते आम्हाला खालून दिसते. मोटर बंद करा म्हणत नाही. पहिला एक तास फक्त आमच्या गल्लीचा व्हॉल सोडा मग तुमचे चालू द्या. सभेत मी बोलले नसते. बसमध्ये बसून लिहिते आहे."

मामांनी ते दोनदा वाचलं. मग फोन मांडीवर ठेवून म्हणाले, बघा ताई, यासाठी हा ग्रुप. मला त्यांचा तो चेहरा अजून आठवतो, आणि आठवला की वाईट वाटतं.

पुढं चार दिवस ग्रुपवर नुसती धामधूम. विरोधात सगळ्यात पुढं गवळी सर होते. बारावीचे क्लास घेतात, घरावर मजला चढवून मुलांचं वसतिगृह काढलेलं. बोलणं गोड, लिहिणं स्वच्छ, एक-दोन-तीन आकडे घालून. माणूस वाईट नाही. त्यांना वीस मुलांच्या आंघोळीचं पाणी हवं होतं, एवढंच. नियमाप्रमाणं त्यांनी आधी सुनीताचं म्हणणं लिहिलं, "सुनीताताईंना वरच्या गल्ल्यांचे पाणी कमी करून हवे आहे." बसमधून उत्तर आलं, "नाय. असं नाय म्हणले." सरांनी पुन्हा लिहिलं. पुन्हा "नाय." तिसऱ्यांदा लिहिलं तेव्हा "हो, हे बरोबर" आलं. एवढ्या शिकलेल्या माणसाला तीनदा लिहायला लागलं याची कॉलनीत फार मजा झाली, आणि मला आता वाटतं, ती मजा सरांनी मनात ठेवली. शेवटी मतं घेतली. शेवटची गल्ली जिंकली. मी सुनीताच्या बाजूनं मत दिलं होतं, हे मुद्दाम सांगते, कारण पुढं माझ्याबद्दल सांगण्यासारखं चांगलं फार नाही.

लाइनमन म्हणजे व्हॉल्व्ह सोडणारा माणूस, तो म्हणाला, तुमचं तुमच्यात ठरलं असेल तर मला काय. पुढच्या पाण्याला मामा सकाळी सहापासून त्या गल्लीत उभे होते. सुनीताचा ड्रम भरला, मग शेजारच्यांचा. तास पुरायच्या आतच सगळ्यांची भांडी भरली, आणि वरच्या टाक्याही भरल्याच. कुणाचं काही कमी झालं नाही.

आता मामांनी जे केलं ते पाचोडकडच्या मेंढरांच्या तळावर वाढलेला माणूसच करू जाणे. त्यांच्या तळावर रोज ठरायचं, उद्या कोणत्या वाटेनं जायचं. वाद व्हायचे, आवाज चढायचे, मग एक वाट ठरायची. आणि ज्याचं म्हणणं पडलं, त्यानं दुसऱ्या दिवशी कळपाच्या पुढं चालायचं, ही रीत. मी विचारलं, हे काय उलटंच? ते म्हणाले, "मागं ठेवला तर तो दिवसभर आपल्या पाठी बघत कुढतो. पुढं घातला की वाट त्यालाच काढावी लागती. मंग ती वाट त्याचीबी होती." ग्रुपवरही ते हेच करायचे. ज्याचं म्हणणं पडलं, त्याला आठवडाभर अ‍ॅडमिन करायचे. देशमुखकाका एकदा दिव्यांच्या खांबावरून हरले आणि आठवडाभर अ‍ॅडमिन झाले, तर इतके गोड बोलायला लागले की बायको घाबरली. आठवडा संपला की हरलेला माणूस स्वतः होऊन सोडायचा. पाच-सहा जणांनी असं सोडलं होतं.

गवळी सर हरले, म्हणून मामांनी गवळी सरांना अ‍ॅडमिन केलं. मी म्हणाले होते. बाकड्यापाशी जाऊन म्हणाले होते, की मामा, कळपाच्या पुढं चालणाऱ्याला मागं वळून बघावंच लागतं, मेंढरं तिथंच असतात. इथं तो बटण दाबून सगळ्यांना गप्प करू शकतो. मामा म्हणाले, "ऐकलं. पटलं नाय, पण ऐकलं."

आठवडाभर सर छान वागले. शुभ सकाळची चित्रं बंद केली, गाड्यांच्या जाहिराती काढून टाकल्या. लोक म्हणाले, वा. आठवडा संपला, सरांनी सोडलं नाही, आणि मामांनी मागितलं नाही. मागायची रीत नव्हती. मग एके दिवशी सरांनी ग्रुपवर मतदान टाकलं, "आपल्या ग्रुपवर शिस्त आणि शांतता हवी का?" हो किंवा नाही. खाली बारीक लिहिलेलं, की हो आल्यास यापुढं फक्त अ‍ॅडमिन माहिती टाकतील. मामा ते वाचून म्हणाले, सवालच असा घातलाय की जवाब एकच निघतो.

मी "हो"वर बोट दाबलं. दिवसभर फोन टुंग-टुंग करायचा, त्यात माझा प्रिंटर बिघडलेला, डोकं उठलं होतं. एवढंच कारण. दुसरं काही असतं तर सांगितलं असतं.

त्या मतदानात कुणी काय मत दिलं ते नावानं दिसतं. दुसऱ्या दिवशी मामा बाकड्यावर बसून "हो"वाल्यांची नावं वाचत होते. मोठ्यानं, एकेक. मी आत होते आणि माझं नाव यायची वाट बघत होते, त्याहून वाईट सकाळ माझ्या आयुष्यात फार आलेल्या नाहीत. माझं नाव आलं. मामांनी ते इतर नावांसारखंच वाचलं आणि पुढं गेले. सगळी संपल्यावर काउंटरपाशी आले. मला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, "तुमचं म्हणणं मी सांगतो, बरोबर हाये का बघा. दुकान एकटीनं चालवायचं, फोनवर गिऱ्हाइकाचं कामाचं काय आलं ते या सगळ्या गोंधळात सापडत नाय, आन् दिवसभर लोकांची भांडणं कानात वाजत्यात. व्हय?" मी व्हय म्हणाले. माझं कारण माझ्यापेक्षा त्यांनी चांगलं मांडलं होतं. नियमाप्रमाणं आता त्यांचं म्हणणं सांगायची पाळी होती, पण ते फोन खिशात घालून घरी गेले.

त्यानंतर सरांनी मामांना अ‍ॅडमिनपदावरून काढलं, वयाकडं बघून त्यांना त्रास नको असं लिहून, हात जोडलेलं चित्र टाकून. मग ग्रुप फक्त घरमालकांचा केला. सुनीता आणि तिची सगळी गल्ली एका दुपारी बाहेर. कुणीच काही म्हणालं नाही, कारण म्हणायला जागाच नव्हती. आणि खरं सांगू का, लोकांना बरंच वाटलं. दुकानात येणारा जो तो म्हणायचा, बरं झालं, कटकट गेली. मला या गोष्टीची फार चीड येते, पण ती आता येते. तेव्हा माझ्याही फोनला शांतता होती.

मामा आठवडाभर वाट बघत होते. कशाची ते मला उशिरा कळलं. मतदानात ते हरले होते. त्यांच्या रीतीप्रमाणं आता त्यांना पुढं घालायला हवं होतं. रोज बाकड्यावर फोन उघडून बघायचे, सरांचा काही निरोप आहे का. आठव्या दिवशी मला विचारलं, फोनमध्ये काही बिघाड असेल का? मी फोन हातात घेऊन उगाच इकडंतिकडं केलं आणि म्हणाले, फोन बरा आहे.

मी त्यांना नवा ग्रुप काढून दिला. चाळीस जण आले. चार दिवसांनी तिथं फक्त शुभ सकाळ उरलं. मामांनी तो स्वतःच बंद केला.

मग एका सोमवारी सरांची सूचना आली. सर्वांच्या सोयीसाठी यापुढे सर्व गल्ल्यांना पाणी एकाच वेळी सोडण्यात यावे असा अर्ज करत आहोत, शेवटच्या गल्लीसाठी टँकरची विनंती करू. उत्तर लिहायला बंदी होती, पण सूचनेखाली अंगठा उमटवता यायचा. भराभर अंगठे उमटले. दुसऱ्या दिवशी सर माझ्या दुकानात आले. पाणी सोडणाऱ्या ऑफिसात द्यायचा अर्ज होता, आणि सोबत जोडायला अंगठे दिलेल्यांच्या नावांची पानं. अर्जात शेवटी लिहिलं होतं, "सर्व रहिवाशांची संमती सोबत जोडली आहे." मी तीन प्रती काढल्या. दुसऱ्या पानावर, वरून सहावं नाव, लिंबाजी रुपनर. ते मी पाहिलं, आणि तरी पानं जुळवली, पिन मारली आणि सरांच्या हातात दिली. सर धन्यवाद म्हणाले.

दुपारी दुकान बंद करून मी तणतणत मामांच्या घरी गेले. मामी ज्वारी निवडत होत्या, मामा शेजारी बसले होते. मी उभ्या उभ्याच विचारलं, तुम्ही अंगठा कसा काय दिला? मामांना कळेचना मी का चिडले ते. म्हणाले, वाचलं म्हणून दिला. सरांनी लिहिलं, आपण ऐकलं, एवढं तरी त्यांना कळाया नको का?

"मामा, अंगठा म्हणजे मंजूर."

"कोण म्हणलं?"

"सगळेच म्हणतात."

मी म्हणाले, दुसरी चित्रंही होती की, रागाचं तोंड होतं, उलटा अंगठा होता. त्यांनी मान हलवली. ते सगळं त्यांनी पाहिलं होतं. म्हणाले, "रागाचं तोंड कसं दाखवावं माणसाला? मला रागवायचं नव्हतं, ताई. मला बोलायचं होतं."

मी खाली बसले. कागदाचं सांगितलं. अर्ज मीच छापला, तेही सांगितलं. मामींचे हात सुपात थांबले. मामांनी विचारलं, दिलेला अंगठा परत घेता येतो का? मी दाखवलं, त्यावरच परत बोट दाबायचं. त्यांनी दाबलं. निघाला. "गेला?" म्हणाले. गेला, म्हणाले मी.

"आन् कागदावरचा?"

मी मामींच्या सुपातली ज्वारी निवडायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना अर्ज टाइप करून दिला, की माझा अंगठा संमती धरू नये. ते तो घेऊन ऑफिसात गेले. तिथल्या माणसानं म्हणे ठेवून घेतला आणि सांगितलं, तुमच्या कॉलनीचं तुमच्यात ठरलंय, आता आम्हाला त्यात ओढू नका. पुढचं पाणी आलं तेव्हा सगळे व्हॉल्व्ह एकदम सुटले. मोटारी सुरू झाल्या. शेवटच्या गल्लीत नळ सूं करत राहिले. टँकर त्या दिवशी आला नाही, पुढं केव्हातरी यायला लागला, कधी दुपारी, कधी येतच नाही.

त्यानंतर मामा बाकड्यावर येईनासे झाले. पुढं महिन्या-दीड महिन्यात घर भाड्यानं देऊन ते आणि मामी शेंद्र्याला मुलीकडं राहायला गेले. निघताना मला भेटले नाहीत, मामी तेवढ्या भेटून गेल्या. ग्रुप अजून आहे. सर येत्या निवडणुकीला उभे राहणार म्हणतात. रोज सकाळी सूचना येते आणि खाली अंगठे उमटतात. मी देत नाही, पण माझ्या न देण्यानं कुणाला काय कळणार?

मामांना मी शेवटचं पाहिलं, ते त्या बिनपाण्याच्या दिवशी. अकराच्या सुमाराला ते दुकानाशी आले आणि म्हणाले, ताई, माझ्याबरोबर चला, मला एकट्याला जायला होत नाही. मी कुलूप लावलं. शेवटच्या गल्लीत ते प्रत्येक दारात थांबत होते आणि एकच सांगत होते, की तुमचं पाणी ज्या कागदानं गेलं, त्यावर माझंही नाव आहे. का आहे, कसं आलं, ते सांगायचे नाहीत. मी मधे बोलायला गेले, तर हातानं मला गप्प केलं. लोक ऐकून घ्यायचे, कुणी हसायचं, कुणी दार लोटून घ्यायचं. सुनीताचं घर शेवटचं. तिची त्या दिवशी सुट्टी असावी. दारात रिकामा निळा ड्रम, शेजारी दोन कळशा, एक भरलेली.

मामांनी सांगितलं. ती म्हणाली, "मामा, तुमचंबी?"

"व्हय," म्हणाले मामा.

ती आत गेली. मला वाटलं, आता दार लावून घेईल. ती तांब्या-पेला घेऊन आली, भरलेल्या कळशीतून तांब्या बुडवून घेतला आणि पेला काठोकाठ भरून त्यांच्यापुढं धरला. दारात आलेल्या माणसाला पाणी द्यायचं असतं, म्हणून दिलं. मामा नको म्हणाले, मागं सरले. ती म्हणाली, घ्या, लई ऊन हाये.

मामांनी पेला दोन्ही हातांनी धरला. सांडू नये म्हणून त्यांनी तो छातीशी घेतला. मग उकिडवे बसले आणि एक थेंब खाली न पाडता, थांबत थांबत, सगळं पाणी प्याले.